फवारणीच्या आधी
(घरच्या बागेतील कीडनियंत्रणावरील पुस्तकाची प्रस्तावना)

शेतकऱ्यासाठी कीड हा हिशेबाचा प्रश्न असतो. पानामागे तुडतुडे किती, औषधाला आणि मजुरीला पैसे किती, फवारलेच नाही तर हाती येणाऱ्या मालातले किती जाईल, हे मनाशी मांडूनच तो पंप पाठीवर घेतो. १९५९ साली कॅलिफोर्नियातले कीटकशास्त्रज्ञ व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या हिशेबाला शास्त्राची चौकट दिली. कीड दिसली एवढ्यावर फवारायचे नाही. तिची संख्या नुकसानीच्या उंबरठ्याशी आली की मगच हात उचलायचा, असे त्यांनी मांडले. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हे शब्द येतात, ते त्याच विचारातून. एकात्मिक कीड व्यवस्थापनाची सगळी इमारत या पायावर उभी आहे.

आता घरच्या बागेकडे पाहू. दोन जास्वंदी, एक कढीपत्ता, ड्रममध्ये लावलेले लिंबू, तुळस, गच्चीवर वांगी-टोमॅटोच्या चार-सहा कुंड्या, बंगला असेल तर समोर हिरवळीचा तुकडा. यात आर्थिक नुकसानीची पातळी कुठे धरायची? जास्वंदीचे दहा शेंडे वाकडे झाले तरी कुणाचे कर्ज थकत नाही. टोमॅटोला अळी लागली तर तेवढा भाग कापून उरलेला टोमॅटो आमटीत जातो. म्हणजे शेतकऱ्याजवळ नसलेली एक मोठी सवड आपल्याजवळ आहे: आपण थांबू शकतो, रोज पाहू शकतो, हाताने वेचू शकतो. घरच्या बागेचे कीडनियंत्रण या सवडीवरच उभे राहिले पाहिजे, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे. ते मला मनापासून पटते, म्हणून ही प्रस्तावना लिहितो आहे.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत उलटे चालते. शेंड्यावर पांढरे काही दिसले की त्याच संध्याकाळी नर्सरीतून औषध येते. कधी ते मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतलेले असते, त्यावर लेबल नसते, आणि सूचना एवढीच मिळते की लिटरला एक झाकण टाका. ते फवारले जाते गॅलरीत. तिथे दोरीवर कपडे वाळत असतात, खालच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तुळशीचे पान चहात पडते. शेतात फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे हे लेबलवर छापलेले असते. घरी ते अंतर कुणी मोजत नाही, कारण लेबलच हातात नसते.

२०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ही माणसे फवारणीला नवखी नव्हती. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवेत उकाडा होता, दोन-दोन औषधे एकत्र मिसळली जात होती आणि तोंडावर बांधायला फडक्यापलीकडे काही नव्हते. ज्यांचे हात वर्षानुवर्षे या कामात आहेत त्यांची ही गत झाली, तर वर्षातून दोनदा हौसेने पंप हाती घेणाऱ्याने किती जपायला हवे, हे वेगळे सांगायला नको. भारतात कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आहे आणि त्याखालच्या नियमांनुसार प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी. मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. माझे मत स्पष्ट आहे: लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या बाटलीला घराच्या उंबऱ्याच्या आत जागा नाही. निळ्याची गरज क्वचितच पडते. आणि हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, तो फक्त चारांतला सर्वांत सौम्य.

हिरवळीची गोष्ट याहून गंभीर. कित्येक वर्षे लॉनमध्ये हुमणी किंवा वाळवी दिसली की माळी फोरेटचे दाणे पसरून वर पाणी सोडत. ‘थिमेट’ म्हणून ते माळ्यांच्या तोंडी बसलेले होते. अतितीव्र विषारी गटातले हे औषध, आणि त्याच गवतावर सकाळी मुले अनवाणी खेळत, कुत्री लोळत, साळुंक्या किडे टिपत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले. घराघरांत झुरळांसाठी आणि बागेत अळ्यांसाठी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉसही त्याच तारखेला बंद झाले. तरी जुने डबे माळ्यांच्या खोलीत आणि जिन्याखालच्या कपाटात अजून सापडतात. हे पुस्तक वाचून एखाद्या सोसायटीने असे एक कपाट जरी उघडून पाहिले, तरी ते लिहिल्याचे चीज झाले असे मी म्हणेन.

विषाची बाजू इतक्या विस्ताराने आधी मांडली, कारण ती बाजूला ठेवल्याशिवाय कीड नीट दिसतच नाही. हातात औषध तयार असले की डोळे शोधायचे थांबतात. आणि पाहण्यासारखे तर खूप आहे.

पिठ्या ढेकणापासून सुरुवात करतो, कारण शहरातल्या बागांचा पहिला शत्रू तोच. जास्वंदीच्या शेंड्यावर, पेरूच्या पानाखाली, कुंडीतल्या क्रोटनच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसतात. आत मऊ गुलाबी किंवा पिवळसर कीटक रस शोषत असतो. अंगावर मेणचट पूड असल्यामुळे नुसते पाणी किंवा पाण्यात मिसळलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून फवारून फवारून लोक कंटाळतात. हे कीटक अंगातून गोड चिकट द्रव टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे दिसते. त्या गोडीसाठी मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या खाऊन जात नाहीत. त्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्यावर चालून येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात. म्हणून जास्वंदीवरची मोहीम मुंग्यांपासून सुरू करावी. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवावी, झाड जमिनीत असेल तर खोडाला कागद गुंडाळून त्यावर ग्रीसचा पट्टा द्यावा, आणि झाडाची एकही फांदी भिंतीला टेकू देऊ नये. मग शेंडे छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, उरलेले पुंजके जुन्या टूथब्रशने घासून काढावेत. आठवडाभरात फरक दिसतो.

पण घासण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. पुंजक्यात एखादा जीव इतरांपेक्षा मोठा असेल, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झालरी असतील आणि तो चांगला भराभर चालत असेल, तर तो ढेकूण नाही. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी आहे. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणलेला. त्याची अळी पिठ्या ढेकणांतच राहते, त्यांच्यासारखीच दिसते आणि त्यांनाच खाते. घराघरांत सर्वांत आधी मारली जाते ती हीच, कारण ती सर्वांत ठळक दिसते. या पुस्तकातले तिचे चित्र मी वाचकांना दोनदा पाहायला सांगेन.

मित्रकीटकांवर विसंबणे म्हणजे भाबडेपणा, असे अनेकांना वाटते. त्यांच्यासाठी पपईच्या पिठ्या ढेकणाची हकिकत सांगतो. मध्य अमेरिकेतून आलेली ही कीड २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा दिसली. दोन वर्षांत ती पपई, तुती आणि जास्वंदीवरून पसरत महाराष्ट्रात पोचली. पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या, फळे गळून गेली, शेतकऱ्यांनी एकामागून एक औषधे मारली आणि कीड तशीच राहिली. तिचे नैसर्गिक शत्रू तिच्या मूळ प्रदेशात मागे राहिले होते, हे खरे कारण होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या अतिसूक्ष्म परोपजीवी माश्या आणवल्या, वाढवल्या आणि सोडल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपायी ही जात सर्वांत प्रभावी ठरली. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी ही माशी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, आणि त्यातून निघालेली अळी त्याला आतून खाऊन टाकते. पुढच्या काही महिन्यांतच जी कीड औषधांना बधली नव्हती ती आटोक्यात आली. आज तुमच्या पपईवर थोडेसे पांढरे दिसले आणि आपोआप नाहीसे झाले, तर त्यामागे बहुधा याच माशीचे वंशज असतात. त्यांना मारायला एक फवारणी पुरते.

हेच उन्हाळ्यातल्या लाल कोळ्यांच्या बाबतीत घडते. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत वांगी, भेंडी, गुलाब यांची पाने मागून बारीक ठिपक्यांनी पिवळी पडतात, पुढे बारीक जाळी दिसते. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि बहुतेक कीटकनाशके त्याचे काही बिघडवत नाहीत. ती मारतात कोळ्यांना खाणाऱ्या जिवांना. म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यावर कोळी वाढतात, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. घरी उपाय साधा आहे. सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, चार दिवसांनी पुन्हा द्यावा. कोळ्याला ओलावा मानवत नाही. माव्याचेही बरेचसे असेच. माव्याची मादी नराशिवाय पिल्ले देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी तयार होऊ लागलेली असते, त्यामुळे सोमवारी पाच दिसले तर रविवारी शेंडा भरून जातो. पण धुऊन खाली पडलेला मावा क्वचितच परत चढतो. शिवाय युरियाची मात्रा जास्त झालेल्या लुसलुशीत झाडावरच तो जास्त येतो. खत कमी करणे हाही कीडनियंत्रणाचाच भाग आहे.

आता लिंबू आणि कढीपत्ता. यांच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी असते. पुढे ती हिरवी होते, आणि छेडली की डोक्यामागून लालसर शिंगे काढून उग्र वास सोडते. ही लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांची अळी. मोठ्या, मखमली काळ्या-निळ्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. राज्य फुलपाखरू ठरवणारे हे देशातले पहिले राज्य. आपण त्याचे चित्र कौतुकाने पाहतो आणि त्याची अळी औषधाने मारतो, हे मला पटत नाही. फूटभर उंचीच्या रोपावर पाच अळ्या असतील तर रोप वाचवायलाच हवे. त्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. पण कढीपत्ता माणसाएवढा झाला असेल तर दहा फांद्यांतल्या दोन तिच्या नावाने सोडायला काय हरकत आहे? दोन-तीन आठवड्यांत ती कोषात जाते आणि झाड पुन्हा फुटते.

कडुनिंबाबद्दल आपल्याकडे श्रद्धा आहे, आणि ती साधार आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड सगळी हिरवळ फस्त करत असताना कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइन्रिख श्मुटरर यांनी पाहिले आणि तिथून आधुनिक संशोधनाला वेग आला. त्यातला मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन. तो कीटकाला तडकाफडकी मारत नाही. त्याची भूक मारतो आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. म्हणून फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तर औषध फुकट गेले असे समजू नये. उन्हात तो लवकर विघटित होतो, तेव्हा फवारणी संध्याकाळी करावी आणि मिसळलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. घरी करायचा अर्क सोपा आहे: पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबणचुरा घालावा आणि दिवस मावळताना फवारावे. बाजारातले तेल घेतले तर बाटलीवरचा पीपीएमचा आकडा वाचा. तीनशे, पंधराशे आणि दहा हजार अशा वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात, आणि एकीचे माप दुसरीला लावले तर कोवळी पाने करपतात.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र मोडायला हवा. तंबाखूचे पाणी हा आजही आवर्जून सांगितला जाणारा उपाय. त्यातले निकोटिन माणसालाही तीव्र विष आहे, ते कातडीतून शरीरात जाते, आणि तंबाखूबरोबर येणारा विषाणू टोमॅटो-मिरचीला रोग लावू शकतो. पालेभाजीवर तंबाखूचे पाणी मारू नये, एवढे मी ठामपणे सांगतो. कपड्यांचा डिटर्जंट आणि भांड्यांचा साबण यांतही फरक आहे. डिटर्जंटने पाने जळतात. दशपर्णी अर्क, लसूण-मिरचीचा अर्क, आंबट ताक यांचा उपयोग होतो, पण कोणताही अर्क आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहावी.

नव्या रोपांबद्दल एकच सूचना. नर्सरीतून आणलेले रोप दोन आठवडे इतरांपासून दूर ठेवा. घरच्या बागेत कीड बहुतेक वेळा पायाने चालत येत नाही. आपणच ती रिक्षातून आणतो.

गोगलगायी पावसाळ्यातल्या. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव भागात आफ्रिकन गोगलगायींनी सोयाबीनची उगवलेली रोपे रातोरात कापून नेली, तेव्हा सरकारी यंत्रणेलाही वेचणीचा उपाय सांगावा लागला. बागेतही तोच करावा. संध्याकाळी ओले गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून कुंड्यांमध्ये पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हातांनी धरू नका, कारण त्यांच्यातून माणसाला घातक जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. मीठ मातीवर टाकू नका, माती बिघडते. पांढरी साबुदाण्याएवढी अंडी कुंडीच्या काठाशी मातीत सापडली तर तीही काढा. एका वेळी शंभरावर असतात.

शेवटी हिरवळ आणि हुमणी. उसाच्या शेतकऱ्याला हिची ओळख करून द्यावी लागत नाही. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट अंगाची, तपकिरी डोक्याची अळी जमिनीत मुळे खाते. लॉनवर ऑगस्टपासून पिवळे ठिपके दिसतात, ते वाढतात, आणि गवत हाताने उचलले तर सतरंजीसारखे गुंडाळून येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. कावळे आणि साळुंक्या एकाच जागी उकरताना दिसल्या तर तिथे पाहावे. चौरस फुटाचा तुकडा फावड्याने उलटवून दोन-चार अळ्या निघाल्या तर पक्ष्यांवर सोडून द्या. आठ-दहा निघाल्या तर मग उपाय करा. मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत, अळ्या लहान असताना, म्हणजे जुलैच्या सुमाराला द्यावी. ती हुमणीला रोग लावते, गांडुळांना आणि मुलांना अपाय करत नाही. मात्र शेणखताच्या ढिगात जाड अळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका. अळी सपाट जमिनीवर ठेवा. ती पाठीवर उलटी होऊन सरपटू लागली तर ती हुमणी नव्हे. कुजलेले खाऊन खत करणाऱ्या भुंगेऱ्याची ती अळी आहे. तिला ढिगात परत टाका.

हुमणीचा खरा बंदोबस्त मात्र अळी होण्याआधी होतो. तिचे भुंगेरे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जमिनीत दडून असतात आणि मे-जूनमध्ये वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, बाहेर पडतात. ते कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते, आणि मग माद्या जमिनीत उतरून प्रत्येकी सुमारे साठ अंडी घालतात. अंडी घातली जाण्याआधीच झाडे हलवून हे भुंगेरे वेचता येतात. पण हे काम एकाच घराने केले तर शेजारच्या आवारातले भुंगेरे पुढच्या वर्षी येतातच. सगळ्या गल्लीने मिळून केले तर परिणाम होतो. म्हणून वाचकांना विनंती आहे. येत्या वळवाच्या पावसानंतरच्या दोन-तीन संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला सोसायटीतल्या मुलांना बरोबर घ्या, जवळच्या कडुनिंबाखाली जुनी चादर पसरा आणि बांबूने फांद्या हलवा. खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतही हे चुकवू नका.